वरच्या बाईंचं पित्त

माझ्या धाकट्या बहिणीला पित्ताचा त्रास कधीच नव्हता. दगड खाल्ला तरी पचवेल अशी तिची प्रकृती. तरीही तिच्या साइटवर मुकादमापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की वरच्या बाईंना दर महिन्याला पित्त होतं.

वरच्या बाई म्हणजे टॉवर क्रेनवर बसणाऱ्या बाई. बांधकाम चालू असलेल्या इमारतीशेजारी तो उंच पिवळा सांगाडा उभा असतो ना, एक हात लांब पसरून, त्याच्या मानेपाशी काचेची एक खोली असते. एका खुर्चीपुरती. त्या खोलीत माझी बहीण दिवसभर बसते. दोन हातांत दोन दांडे, पायाखाली काच, आणि त्या काचेखाली नुसती हेल्मेटं. माणसं दिसत नाहीत म्हणते, नुसती पिवळी आणि पांढरी टोपणं इकडून तिकडे फिरत असतात.

तिला उंचीची ओढ पहिल्यापासूनच. लहानपणी ती सापडेनाशी झाली की आमची आई खाली शोधायचीच नाही. मान वर करून हाक मारायची. मोठेपणी ती एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागली, आणि डबा खायला मुद्दाम बाहेर कट्ट्यावर बसायची, कारण समोर एक इमारत उठत होती आणि तिथली क्रेन तिथून नीट दिसायची. लोक जेवताना टीव्ही बघतात, आमच्या बाईसाहेब क्रेन बघायच्या. मग एके दिवशी नोकरी सोडून प्रशिक्षणाला नाव घालून आली. मी तिला चांगलीच झाडली. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माझं पार्लर आहे, आणि निम्मी गिऱ्हाईकं माझं बोलणं ऐकायला येतात असा माझा समज आहे. पण तिच्यावर माझ्या बोलण्याचा कधी काडीचा परिणाम झालेला नाही. ती शिकली, परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि वर जाऊन बसली.

तिच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वरून सगळं दिसतं असं आपल्याला वाटतं, पण हुक भिंतीपलीकडे उतरला की तिला काहीच दिसत नाही. तेव्हा ती आवाजावर काम करते. खाली एक वयस्कर माणूस उभा असतो, इशारेवाला. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा वॉकीटॉकीवर सांगतात आणि ती दांडा हलवते. मालाखाली काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला तसाच रेडिओ असतो, आणि साइटचा नियम असा, की क्रेनमध्ये माणूस बसलेलं असेपर्यंत कुणीही रेडिओ बंद करायचा नाही, आवाजही कमी करायचा नाही. कुणाला धोका दिसला आणि तो ‘थांब’ म्हणून ओरडला, तर ते सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. नियम चांगला आहे. त्या नियमाने माणसं वाचतात. त्याने आणखी काय काय होऊ शकतं ते पुढे येईलच.

आता पित्ताकडे येते.

शिडीने वर चढायला तिला बराच वेळ लागतो, उतरायलाही तेवढाच. वर संडास नाही. पुरुष ऑपरेटर बाटली ठेवतात, त्यांचं भागतं. ती सकाळपासून पाणीच कमी प्यायची. पण पाळीच्या दिवसांत पाणी कमी पिऊन काय होणार? जाड पॅड लावून ती उभी शिडी चढायची म्हणजे मांड्या सोलून निघायच्या. मग दिवसभर खुर्चीत बसायचं, डाग पडेल या धास्तीने कूस बदलायची नाही, आणि दुपारी कधीतरी काम थांबवून खाली उतरायचं. ती खाली उतरली की अख्खी साइट बसून राहायची. सळया तशाच, विटा तशाच, गवंडी बिड्या फुंकत. मग कुणीतरी विचारणारच, काय झालं? आणि ही सांगायची, पित्त झालंय.

मी तिला टॅम्पॉन आणून दिले होते, आत सरकवायचे कापसाचे बोळे. ते तिला बरे वाटले, शिडी चढताना काही टोचत नव्हतं. पण तेही दुपारी बदलायला हवेत. एकदा काम रेंगाळलं, ही उतरली नाही आणि दिवसभर तसाच ठेवला. त्या आठवड्यात तिला ताप भरला. ताप टॅम्पॉनचा नव्हता, साधाच निघाला, पण डॉक्टरीणबाईंनी तिला असं फैलावर घेतलं, की त्यानंतर ती टॅम्पॉनच्या खोक्याकडे सापाकडे बघावं तशी बघायची. पुन्हा पॅड, पुन्हा सोललेल्या मांड्या, पुन्हा पित्त.

मी स्वतः कित्येक वर्षं कप वापरते. सिलिकॉनचा एवढासा पेला, दुमडून आत सरकवायचा, आत गेला की उमलतो आणि चिकटून बसतो. सकाळी घातला की संध्याकाळी काढायचा. धुवायचा, परत घालायचा. महिना संपला की उकळून ठेवून द्यायचा. मी तिला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की माझं मलाच पाठ झालं होतं. तिचं उत्तर एकच, ‘शी!’ जी बाई वाऱ्यात हलणाऱ्या लोखंडावर बसून टनाटनाची ओझी उचलते, तिला एवढ्याशा रबरी पेल्याची किळस! मी म्हटलं, धन्य आहेस.

तिचं मन वळवलं ते साइटच्या इंजिनिअरने, आणि तेही त्याला न कळता. हा माणूस वाईट नव्हता, हे मी नाइलाजाने सांगते आहे, कारण मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. त्याने तिला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं.

“बाई, तुमचं काम चोख आहे. पण तुम्ही दर महिन्याला पांढऱ्याफटक होऊन खाली येता, शिडी धरून उभ्या राहता. पित्ताने चक्कर येते. वर चक्कर आली तर खाली माणूस मरेल.”

“मला चक्कर येत नाही, साहेब.”

“सगळे असंच म्हणतात. पुढच्या महिन्यात मोठा स्लॅब आहे. त्या दिवशी बघतो. मध्येच उतरावं लागलं, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही स्टोअर सांभाळा. एक ऑपरेटर बघून ठेवलाय मी.”

स्लॅबचा दिवस म्हणजे काँक्रीट ओतायचा दिवस. बादल्यांवर बादल्या क्रेनने उचलायच्या, आणि एकदा सुरुवात केली की फार वेळ थांबता येत नाही, थांबलं तर जुनं आणि नवं काँक्रीट एकजीव होत नाही. तारीख ठरली, आणि हिने कॅलेंडर बघितलं. नेमकी पाळीची.

त्या संध्याकाळी ती पार्लरमध्ये आली, रिकाम्या खुर्चीत धपकन बसली आणि म्हणाली, “आण तो तुझा पेला.”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ती खुर्ची तिच्या हातून जाणार या कल्पनेने तिचं तोंड एवढंसं झालं होतं. स्टोअरमध्ये बसून खिळे मोजणारी माझी बहीण मला डोळ्यांसमोर आणवेना.

नवा कप आणला. त्याआधीच्या पाळीत तिने घरी सराव केला. पहिल्या दिवशी न्हाणीघरातून कप दुमडताना सुटून उडाल्याचे आवाज आणि शिव्या आळीपाळीने येत होत्या. दुसऱ्या दिवशी बसला, पण आत नीट उमलला नाही, गळला. मी दाराबाहेर उभी राहून सांगत होते, बोट फिरवून बघ, गोल लागतोय का. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली, घरभर चालली, स्टुलावर चढली, उतरली, आणि म्हणाली, “ताई, काहीच कळत नाहीये गं. आहे की नाही तेच कळत नाहीये.” तिच्या चेहऱ्यावर एवढी मोकळीक मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

फक्त एक घोळ तिने करून ठेवला. कपाच्या बुडाला काढायला सोपं जावं म्हणून एक छोटी शेपटी असते. शिडी चढताना ती टोचेल म्हणून बाईसाहेबांनी स्लॅबच्या आदल्या दिवशी कात्री घेतली आणि ती मुळापासून उडवली. थोडी कापायची असते. पण अर्धवट काम तिला कधी जमलंच नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळी मी मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्याला रंग लावत होते. समोरच्या शाळेच्या बाई, माझं जुनं गिऱ्हाईक, भारी कडक. माझे दोन्ही हात रंगात, तेवढ्यात बहिणीचा फोन. मी कोपराने स्पीकर चालू केला.

“ताई, तो हरवला!” आवाज रडवेला.

“कोण हरवला?”

“कप!”

“कुठे हरवला?”

“आत!”

मुख्याध्यापिकाबाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

झालं होतं असं, की काँक्रीटची गाडी वाटेत अडकली होती. हुक रिकामा, काम थांबलेलं. पोटात दुखतंय म्हणजे कप भरला असणार असं हिला वाटलं. वर कुणी बघणारं नाही, पाणी आणि साबण सोबत होता, म्हणून काढून बघावा असं ठरवलं. आणि शेपटी काही हाताला लागेना.

“शेपटी तू स्वतः कापलीस, ती कशी लागेल? आणि आत जाऊन जाऊन कुठे जाणार? तिथून पुढे रस्ता नाही. पोटात फिरायला गेलाय असं वाटतंय का तुला?”

“ओरडू नकोस गं! काय करू ते सांग.”

“उकिडवी बस. बसलीस?”

“बसले. फोन स्पीकरवर टाकलाय. खुर्चीला डोकं लागतंय.”

“लागू दे. आता खाली जोर लाव, म्हणजे तो खाली येईल. बूड लागलं बोटाला?”

जरा वेळ नुसतं कण्हणं. मग, “लागलं! ओढतेय, पण येतच नाहीये.”

“ओढू नकोस! ओढू नकोस सांगते ना! बरणीचं झाकण घट्ट बसलं की आपण कडेने चमचा घालून हवा आत सोडतो की नाही? तसंच. बूड चिमटीत दाब. हवा जाऊ दे आत. मग हळूच तिरका करून काढ.”

“तिला म्हणावं, तोंडाने श्वास सोड,” मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून म्हणाल्या. “आणि खांदे सैल. ताठ बसली असणार.”

“कोण आहे तिथे?” बहीण किंचाळली.

“कुणी नाही. श्वास सोड.”

मग एकदम, “आला! ताई, आला!”

आम्ही दोघींनी इकडे टाळ्या वाजवल्या, माझ्या हातचा रंग आरशावर उडाला. “भरलाय?” मी विचारलं.

“छे गं. निम्मासुद्धा नाही.”

“मग पोट कशाने दुखत होतं?”

“घाबरले असेन.”

“घाबरट कुठली. धुऊन परत बसव आणि कामाला लाग. आणि बोट फिरवून बघ, उमललाय का.”

तिने तो धुतला, बसवला, हात धुतले आणि खुर्चीत बसताना रेडिओ शोधला. तो तिच्या डब्याच्या पिशवीखाली अडकला होता. उकिडवी बसताना तिनेच तिथे कोंबला असणार. आणि त्याचं बोलायचं बटण पूर्ण वेळ दाबलेलं होतं.

खाली काय झालं ते मला मामांनी नंतर सांगितलं. या रेडिओचा स्वभाव असा, की एकाने बटण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. म्हणजे तिला कुणी सांगूही शकत नव्हतं. बंद करायचा तर नियम आडवा. त्यामुळे स्लॅबवर उभी असलेली सगळी माणसं कमरेवरच्या रेडिओंसकट पुतळ्यासारखी उभी राहून ऐकत होती. एकाने उगाचच हेल्मेट काढून पुसलं. एक सळईवाला आभाळात बघत होता. इंजिनिअर हातातला नकाशा उलटा धरून तो वाचत होता. आणि “आला!” म्हटल्यावर मागून कुणीतरी “सुटलो बुवा” म्हणालं.

वर, हिने बटणाकडे बघितलं. ते सुटल्याबरोबर मामांचा आवाज आला.

“क्रेन. गाडी आली. बादली लावतोय.”

“हो मामा,” ती कशीबशी म्हणाली.

मामा म्हणाले, “आणि पोरी, तो रेडिओ गळ्यात अडकवत जा.”

तिने मला लगेच परत फोन केला. ती रडत होती. “ताई, सगळ्यांनी ऐकलं. मी आता खाली उतरणारच नाही.”

“मग काय तिथेच संसार मांडतेस?” मी म्हटलं खरं. एवढ्या पुरुषांमध्ये ती एकटी. उद्या कुणी काही बोललं, कुणी हसलं, तर ती त्या शिडीवर पुन्हा पाय ठेवेल का? मला तिची ती खुर्ची वाचवायची होती आणि मीच तिचं हसं करून ठेवलं असं वाटत होतं. “रड नंतर,” मी म्हटलं. “आधी बादली उचल.”

तिने उचलली. दिवसभर उचलत राहिली. डबा उघडला नाही, एकदाही खाली उतरली नाही. मामांच्या आवाजावर बादली जात होती, येत होती. त्यांच्या आवाजात नेहमीपेक्षा वेगळं काहीही नव्हतं, आणि ती म्हणते, त्या दिवशी मला त्याच गोष्टीने तारलं. कपड्यावर डाग नाही, मांडीला काचणं नाही. शेवटची बादली रिकामी झाली तेव्हा तिला आठवलं, की दिवसभरात आपण कूस बदलताना एकदाही विचार केला नाही.

मग उतरावंच लागलं. शिडी उतरताना तिला खाली पांढरं हेल्मेट दिसलं. इंजिनिअर. मागे मामा, आणि इकडेतिकडे काहीतरी काम असल्याचं दाखवत उभी असलेली बाकीची मंडळी. ती शेवटच्या पायरीवरून खाली आली. इंजिनिअर आपल्या बुटांकडे बघत होता.

“बाई, एक विचारतो. तुम्हाला वर कधी चक्कर आली आहे?”

“नाही, साहेब.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत? मी तुम्हाला आजारी समजून खाली बसवायला निघालो होतो. इतके महिने पित्त, पित्त! खरं काय ते सांगायचं ना.”

ती दमली होती, भुकेली होती, दिवसभर मरणाची लाजली होती. आणि आता तिला राग आला. “कसं सांगणार होते साहेब?” ती म्हणाली. “रेडिओवरून?”

आधी मामा हसले. मग सळईवाला. मग सगळेच, आणि त्या हसण्यात काही बोचरं नव्हतं, असं ती म्हणते. शेवटी ती स्वतःही हसली, डोळे पुसत. इंजिनिअर हसला नाही. कानशिलापर्यंत लाल झाला. त्याने खिशातून फोन काढला, तिथेच, सगळ्यांसमोर, आणि बघून ठेवलेल्या ऑपरेटरला सांगितलं की जागा रिकामी नाही.

मला हे सगळं तिने पार्लरमध्ये येऊन सांगितलं, अंगावर सिमेंटची धूळ, हातात डबा तसाच न खाल्लेला. मी तिला जवळ घेतलं. आमच्यात तशी पद्धत नाही, पण घेतलं. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि मी तो बोलूनही दाखवला, तेही टोमणा न मारता.

साइटवरच्या बायका, वाळू चाळणाऱ्या, साफसफाईच्या, दुसऱ्या दिवशी शिडीपाशी थांबल्या होत्या. त्यांनीही नवऱ्यांच्या, भावांच्या कमरेवरच्या रेडिओवरून सगळं ऐकलं होतं. त्यांच्यातल्या काहीजणी आता माझ्याकडे येतात. केस कापायला नाही. एकीला कप मानवला नाही, तिने परत दिला आणि पॅडच बरे म्हणाली. चालायचंच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आठवड्याने संध्याकाळी ती उतरली तेव्हा इंजिनिअर पुन्हा शिडीपाशी उभा होता. या वेळी एकटा.

“बाई, माझी मुलगी आहे. शाळेत जाते. घरात आम्ही दोघंच,” तो म्हणाला. “दर महिन्याला तिचं डोकं दुखतं. शाळा बुडवून झोपून राहते. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, चष्मा करून आणला. तरी दुखतंच.”

माझी बहीण म्हणाली, “माझ्या ताईकडे पाठवा तिला.”

मुलगी सुट्टीच्या दिवशी आली. वडील दाराबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, आत यायला धजेनात. मी तिला खुर्चीत बसवलं, आणि केस मोकळे करायला म्हणून तिचा नवा कोरा चष्मा काढून आरशासमोर ठेवला.

“आता कसं दिसतंय?” मी विचारलं.

“सगळं दिसतं,” ती हळूच म्हणाली. “आधीपण दिसायचं.”

“मग बाबांना का नाही सांगितलंस?”

तिने आरशातून रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं. “त्यांनी इतकी धावपळ करून डॉक्टर शोधले होते,” ती म्हणाली. “मला त्यांना वाईट वाटू द्यायचं नव्हतं.”

मी कंगवा खाली ठेवला, दार उघडलं आणि त्याला आत बोलावलं.